खरे काम, खरा हिशेब : पाबळच्या विज्ञान आश्रमाची वाटचाल

शिरूर तालुक्यातले पाबळ पुण्यापासून 60-65 किलोमीटरवर आहे. मस्तानीची समाधी इथे आहे, म्हणून पेशवाईच्या इतिहासात रस असलेली माणसे वाट वाकडी करून इकडे येतात. पट्टा अवर्षणप्रवण. पाऊस बेताचा, आणि शेतीचे गणित बरेचसे त्या पावसावरच चालणारे. 1983 साली डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग मुंबई सोडून या गावात राहायला आले आणि विज्ञान आश्रमाचे काम सुरू झाले. त्या कामाला आता चाळीस वर्षे उलटून गेली आहेत. स्मरणिकेसाठी त्याचा इतिहास लिहायचा, तर इमारती कधी उभ्या राहिल्या आणि अनुदाने कुठून मिळाली एवढ्यावर भागणार नाही. या संस्थेने शाळेपुढे एक प्रश्न ठेवला, त्याचे उत्तर स्वतः करून दाखवले, आणि ते उत्तर शेकडो शाळांत नेताना त्याचे काय काय झाले, हा तिचा खरा इतिहास आहे.

कलबाग पाबळला आले तेव्हा पंचावन्नीच्या घरात होते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून त्यांनी अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. मिळवली होती. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि नंतर हिंदुस्थान लिव्हरच्या मुंबईतल्या संशोधन केंद्रात त्यांची कारकीर्द गेली. या वयात माणूस निवृत्तीनंतरचा हिशेब मांडायला घेतो. कलबागांच्या डोक्यात मात्र वेगळेच चालले होते. खेड्यातल्या मुलाला विज्ञान शिकवायचे, तर ते त्याच्या रोजच्या कामातून का शिकवता येऊ नये? आणि तसे शिकवले, तर शाळेतून बाहेर पडताना त्याच्या हातात गुणपत्रिकेखेरीज आणखी काही का असू नये?

ग्रामीण माध्यमिक शाळेकडे पाहण्याची त्यांची नजर तंत्रज्ञाची होती. दर काही गावांमागे एक शाळा आहे, तिला इमारत आहे, शिक्षित माणसे आहेत आणि काम करू शकतील अशी शे-दोनशे तरुण मुले-मुली आहेत. इतकी साधनसामग्री असलेली दुसरी कुठलीही संस्था खेड्यात नव्हती. तरीही गावाची विहीर, पंपाची मोटर, जमिनीचा कस, कोंबड्यांचे रोग, बायाबापड्यांचा अशक्तपणा यांपैकी कशालाच तिच्या वेळापत्रकात जागा नव्हती. दहावीला नापास झालेला मुलगा घरच्या शेताला परका झालेला असे आणि बाहेर त्याला कोणी नोकरी देत नसे. जो पास होई, त्याचेही फारसे वेगळे नव्हते. कलबागांनी हे अपयश मुलांच्या माथी मारले नाही. शाळेची रचनाच चुकली आहे असे त्यांनी धरले आणि ती बदलायला घेतली.

हा विचार महाराष्ट्राला नवा नव्हता. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी खेड्यातल्या प्राथमिक शिक्षणात लेखन-वाचन-हिशेबाबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे असे सुचवले होते. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगाच्या माध्यमातून शिक्षण देण्याची कल्पना देशापुढे आली. त्यानंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला, मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांनी त्यात जातीने लक्ष घातले. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांच्या पाटीवर आजही ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ असे नाव दिसते, ते त्याच काळाचे देणे. पुढे 1964 ते 66 या काळात कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली.

शिफारशी चांगल्या होत्या. वर्गात त्यांचे काय झाले ते आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. हस्तोद्योगाच्या तासाला टकळीवर काढलेले सूत कुणी वापरणार नव्हते, त्यामुळे ते तुटले काय आणि गुंतले काय, कुणाचे अडत नव्हते. कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुले झाली, आइस्क्रीमच्या काड्यांची घरे झाली, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी बाजारातून आणलेली झुंबरे मुलांच्या नावाने टांगली गेली. काम खोटे असले की त्यातून मिळणारे शिक्षणही खोटे ठरते. पाबळचा प्रयोग आधीच्या प्रयत्नांपासून वेगळा झाला तो नेमका या ठिकाणी. इथे जे करायचे ते कुणाला तरी हवे असले पाहिजे, त्याची किंमत ठरली पाहिजे आणि ते बिघडले तर घेणाऱ्याने परत आणून दिले पाहिजे, असा आग्रह पहिल्यापासून होता.

या प्रयोगाला घर मिळाले ते भारतीय शिक्षण संस्थेत. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी 1948 मध्ये मुंबईत स्थापन केलेली ही संस्था 1976 मध्ये पुण्याला आली. नाईक हे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे खेडे आणि शिक्षण यांची सांगड घालण्याचा विचार या घरात मुरलेलाच होता. 1981 मध्ये नाईक गेले. त्यांच्या पश्चात डॉ. चित्रा नाईक यांनी संस्थेची धुरा वाहिली. शाळेबाहेर राहिलेल्या मुलांसाठी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत अनौपचारिक शिक्षणाचे वर्ग त्यांनी चालवले होते. कलबागांचे काम याच संस्थेचे एक केंद्र म्हणून सुरू झाले. एका शास्त्रज्ञाच्या कल्पनेला शिक्षणशास्त्राची बैठक आणि संस्थात्मक आधार मिळाला. तो मिळाला नसता तर हा एका माणसाचा खटाटोप म्हणून केव्हाच विसरला गेला असता, असे मला वाटते.

आश्रमाने आधी हात धरला तो शाळेतून गळालेल्यांचा. त्यांच्यासाठी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आखला गेला. आज तो मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञान पदविका म्हणून ओळखला जातो आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची त्याला मान्यता आहे. प्रवेशाला आठवी पास पुरते. वर्षभरात मुलगा चार विभागांतून फिरतो : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. यात वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वायरिंग, मोटर दुरुस्ती, जमिनीची मोजणी, माती-पाण्याची तपासणी, रोपवाटिका, कुक्कुटपालन, खाद्यपदार्थ प्रक्रिया असे सगळे येते. यातल्या कुठल्याही एका गोष्टीत तो वर्षभरात उस्ताद होत नाही, आणि तसा दावाही कुणी करत नाही. खेड्यात एकाच कसबावर पोट भरत नाही हे ओळखून केलेली ही रचना आहे. चार कामे जाणणारा माणूस गावात टिकतो आणि त्यातले कुठले काम आपल्याला जमते, हे त्याला करून पाहिल्यावरच कळते.

इथले शिकणे कसे चालते ते एका साध्या वस्तूवरून सांगतो. लोखंडी अँगलचे एक स्टूल घ्या. चार पाय प्रत्येकी 45 सेंटिमीटर, वरची चौकट 30 सेंटिमीटरच्या चार तुकड्यांची, आणि पाय डगमगू नयेत म्हणून खाली तशीच दुसरी चौकट. बेरीज केली तर 4.2 मीटर अँगल लागतो. बाजारात अँगल 6 मीटर लांबीचा मिळतो. एका स्टुलासाठी एक आणला तर 1.8 मीटर उरतो आणि कोपऱ्यात गंजत पडतो. चार स्टुलांची मागणी एकत्र आली तर? नवखा मुलगा सहज म्हणतो, चार अँगल. मग त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवायचे. 45 चे सोळा तुकडे हवेत, 30 चे बत्तीस. पहिल्या अँगलमधून 45 चे आठ आणि 30 चे सात, दुसऱ्यातून तसेच, तिसऱ्यातून 30 चे अठरा. तीन अँगलमध्ये चार स्टुले बसतात आणि करवतीच्या पात्यात जाणारे दोन-तीन मिलिमीटरही त्यात धरता येतात. 25 बाय 25 बाय 3 मिलिमीटर मापाचा अँगल मीटरला 1.1 किलो भरतो. एक अख्खा अँगल वाचला म्हणजे साडेसहा किलोंहून थोडे जास्त लोखंड वाचले. त्याला त्या दिवशीच्या भावाने गुणले की वहीतला गुणाकार खिशातल्या पैशाला येऊन भिडतो.

पण हिशेब इथे संपत नाही. वेल्डिंगचे रॉड किती लागले, प्रायमर आणि रंग किती गेला, वीज किती जळली, मजुरी काय धरायची, यंत्राची झीज कुठे दाखवायची, हे सगळे मांडून विक्रीची किंमत काढावी लागते. ती गावातल्या दुकानातल्या स्टुलापेक्षा जास्त आली, तर कुठे चुकले ते शोधावे लागते. या एका स्टुलात सरासरी, शेकडेवारी, एकक, घनता, धातूचे प्रसरण, विद्युतमंडल आणि बाजारभाव असे कितीतरी धडे येतात. नापासाचा शिक्का बसलेली मुले हे हिशेब बिनचूक करतात, हा इथला वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. त्यांना गणित येत नव्हते असे नाही. गणित कशाचे करायचे, हे त्यांना कुणी दाखवले नव्हते.

पाबळच्या घुमटाचे तसेच. लोखंडी तुकडे त्रिकोणांत जोडून सांगाडा उभा करायचा, त्यावर जाळी बसवायची आणि सिमेंटचा गिलावा करायचा. आत खांब नाही, वर तुळई नाही. त्रिकोणाची चौकट मुळात दणकट असते, चौकोनाची दबते. भूमितीच्या पुस्तकातले हे सत्य इथे डोक्यावरचे छप्पर होते. सांगाडा जोडताना माप थोडे जरी हुकले, तरी चूक पुढच्या सांध्यात सरकत जाते आणि शेवटचा बोल्ट बसता बसत नाही. मग सगळे खोलून मागे जायचे. आवारातल्या इमारती मुलांनी याच पद्धतीने शिकत शिकत बांधल्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद परिसरात भूकंप झाला. जड दगड-मातीच्या भिंती आणि धाब्याची छपरे अंगावर कोसळून हजारो माणसे दगावली. त्यानंतर पाबळच्या घुमटांनी त्या भागात पाऊल टाकले. वर्गाचा उपक्रम म्हणून शिकलेली गोष्ट संकटात सापडलेल्या लोकांच्या कामी आली, याचे समाधान संस्थेला मोठे आहे आणि ते असायलाही हवे.

गळालेल्या मुलांबरोबरच कलबागांना चालू शाळेच्या आत शिरायचे होते. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख हा विषय आकाराला आला. सगळीकडे तो ‘आय.बी.टी.’ याच नावाने चालतो. याची रचना समजून घेण्यासारखी आहे. आठवड्यातला एक दिवस पूर्णपणे कामाचा. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत सिमेंट कालवून होत नाही आणि वाफ्यात पाणीही पोचत नाही, म्हणून सलग वेळ हवाच. वर्गाचे गट पाडायचे आणि गटांनी चारही विभागांत आळीपाळीने जायचे. शिकवायला गावातलेच निदेशक. स्वतःची वर्कशॉप, वायरिंगचे काम किंवा रोपवाटिका चालवणारा माणूस आठवड्यातून एक-दोन दिवस शाळेत येतो. त्याचे पोट शाळेच्या मानधनावर अवलंबून नसते आणि त्याचे ज्ञान शिळे होत नाही, कारण बाजार त्याला रोज तपासत असतो. शाळेलाही कायम पगाराचा बोजा पडत नाही.

या रचनेतली सर्वांत धाडसी गोष्ट मला वाटते ती ही की, मुलांनी गावाला सेवा द्यायची. गृह-आरोग्य विभागात हिमोग्लोबिन तपासणे आणि रक्तगट पाहणे शिकवले जाते. जीवशास्त्राच्या पुस्तकात रक्तावर एक धडा असतोच. पण आपल्याच आळीतल्या काकूचे हिमोग्लोबिन फार खाली गेले आहे, हे मुलीने स्वतः पाहिले की ‘लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय होतो’ हे वाक्य तिला पाठ करावे लागत नाही. गरोदर बाईचे प्रमाण 11 ग्रॅमच्या खाली जाऊ नये, हा आकडा तिच्या डोक्यात कायमचा बसतो, आणि शेंगदाणा-गुळाची चिक्की करताना आपण काय करतो आहोत हेही तिला उमजते. शाळेच्या पाणवठ्याचे पाणी तपासणे, शेतातल्या मातीचा नमुना घेणे, पाणलोटासाठी प्लेन टेबल घेऊन मोजणी करणे, शेजाऱ्याच्या घरातली वायरिंग नीट करून देणे, ही सगळी कामे अभ्यासक्रमात बसतात. अशा वेळी गावाचा शाळेशी असलेला संबंध बदलतो. पालकसभेला न येणारा बाप पंप दुरुस्त करून घ्यायला शाळेत येतो.

विरोध झालाच नाही असे लिहिणे खोटेपणाचे होईल. ‘पोराला शाळेत घातले ते फावड्यातून सुटावे म्हणून, फावडे तर घरीही आहे,’ असे म्हणणारे पालक गावोगाव भेटले आणि त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे मुळीच नव्हते. आपल्या समाजात हाताचे काम जातीनुसार वाटले गेले. ज्यांच्या वाट्याला ते आले, त्यांना पुस्तकांपासून दूर ठेवले गेले. अशा घरातल्या बापाला शाळेतले हातकाम म्हणजे मुलाला जुन्याच जागी बांधून ठेवण्याची युक्ती वाटणे साहजिक आहे. 1953 मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ घरचा व्यवसाय अशी योजना आणली, तेव्हा ती कुलशिक्षण ठरवून लोकांनी हाणून पाडली. ते योग्यच झाले.

पाबळची पद्धत या धोक्यापासून वाचली ती दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे सगळ्यांनी सगळे करायचे. सुताराचा मुलगा सुतारकामाला आणि शेतकऱ्याचा शेतीला, अशी वाटणी इथे नाही. मराठ्याचा, माळ्याचा, चर्मकाराचा, ब्राह्मणाचा मुलगा एकाच वाफ्यात शेण कालवतो. मुली वेल्डिंगचा मुखवटा डोळ्यांवर ओढतात आणि मुले चिक्कीचा पाक गोळीबंद झाला की नाही ते वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून पाहतात. दुसरी गोष्ट, हातकाम हे बुद्धीच्या कामाऐवजी दिले जात नाही. ते बुद्धीला खाद्य म्हणून दिले जाते. मुलाने कोंबड्यांना खाद्य टाकले एवढ्यावर काम संपत नाही. किती किलो खाद्याला किती किलो वजन वाढले हे त्याला रोज वहीत लिहावे लागते, आलेख काढावा लागतो आणि वाढ थांबली त्या आठवड्यात काय झाले ते शोधून सांगावे लागते. वही नसेल तर ती नुसती राबणूक, एवढे भान निदेशकाला ठेवावेच लागते. जिथे ते सुटले, तिथे पालकांचा संशय खरा ठरला, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

शिक्षकांचा विरोध वेगळ्या जातीचा होता. दहावीचा निकाल हीच ज्या शाळेची पत, तिला आठवड्यातला एक दिवस काढून देणे जिवावर येते. पण जिथे मुख्याध्यापकाने मनावर घेतले, तिथे एक गोष्ट दिसली : कामाच्या दिवशी मुले गैरहजर राहत नाहीत. शाळेचा कंटाळा आलेल्या मुलालाही त्या दिवशी शाळेत आपले काही तरी असते.

आश्रमाची कार्यशाळा शिकवण्यापुरती कधीच नव्हती. जुन्या जीपचे सुटे भाग वापरून ‘मेकबुल’ नावाचा लहान ट्रॅक्टर इथे तयार झाला. मोठा ट्रॅक्टर ज्याला परवडत नाही, अशा शेतकऱ्यासाठी ही खटपट होती. भूगर्भातले पाणी शोधण्यासाठी जमिनीचा विद्युतरोध मोजणारे उपकरण इथे बनवले गेले आणि ते घेऊन विद्यार्थी विहिरी-बोअरच्या जागा पाहायला जाऊ लागले. अवर्षणग्रस्त गावात बोअर कोरडे गेले की घर कर्जात बुडते. नारळ हातावर उभा करून पाणी सांगणाऱ्याच्या शब्दावर पैसे घालायचे की मोजून पाहायचे, हा तिथे जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. वैज्ञानिक दृष्टिकोनावर शंभर व्याख्याने देऊन जे साधत नाही, ते एका उपकरणाने आणि ते चालवणाऱ्या गावातल्याच पोराने साधते.

मोजमापाच्या स्वस्त आणि स्थानिक उपकरणांची ही गरजच पुढे आश्रमाला एका अनपेक्षित ठिकाणी घेऊन गेली. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये प्रा. नील गर्शनफेल्ड ‘जवळजवळ काहीही कसे बनवावे’ या विषयाचा वर्ग घेत. संगणकावर आराखडा काढायचा आणि छोट्या यंत्रांवर ती वस्तू तिथल्या तिथे कापून, कोरून, जोडून बनवायची. अशी प्रयोगशाळा सामान्य माणसांच्या हाती दिली तर ते काय करतील, हे त्यांना पाहायचे होते. कलबाग तर वीस वर्षे तेच करत होते, फक्त त्यांच्याकडे संगणकावर चालणारी यंत्रे नव्हती. 2002 मध्ये पाबळला अशी प्रयोगशाळा, म्हणजे फॅब लॅब, सुरू झाली. एमआयटीच्या बाहेर उभ्या राहिलेल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. आज जगभर अशा प्रयोगशाळांचे जाळे आहे आणि त्याच्या आरंभी शिरूर तालुक्यातले एक खेडे आहे, हे महाराष्ट्रात फार थोड्यांना माहीत आहे. एलईडीचे दिवे, अंडी उबवण्याची यंत्रे, शेतीसाठीची छोटी इलेक्ट्रॉनिक साधने अशा कितीतरी गोष्टी त्या खोलीत आकाराला आल्या.

2003 च्या जुलैमध्ये डॉ. कलबाग गेले. एका माणसाच्या ध्यासावर उभ्या राहिलेल्या संस्था त्या माणसामागे कशा विझतात, हे आपण महाराष्ट्रात पुष्कळ पाहिले आहे. विज्ञान आश्रम विझला नाही. कलबागांच्या हाताखाली तयार झालेल्या तरुण अभियंत्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी काम पुढे नेले, आणि संचालक म्हणून डॉ. योगेश कुलकर्णी यांनी त्याला देशपातळीवरच्या शिक्षणधोरणाशी जोडण्याचा दीर्घ पाठपुरावा केला. कलबागांनी प्रत्येक गोष्ट लिहून, मोजून, पद्धतीत बसवून ठेवली होती, याचा इथे मोठा उपयोग झाला. कामाची पद्धत कागदावर होती, त्यामुळे ती दुसऱ्याच्या हाती देता आली.

हा विषय अधिकाधिक शाळांत नेण्यात ‘लेंड अ हँड इंडिया’ या संस्थेचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्रातल्या आणि मग इतर राज्यांतल्या शाळांत आय.बी.टी. पोचले. डिसेंबर 2013 मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला, आणि त्यानंतर माध्यमिक शाळांत आलेल्या बहुकौशल्य अभ्यासक्रमाला पाबळच्याच चार विभागांचा सांगाडा मिळाला. एका गावात सुरू झालेला प्रयोग बोर्डाच्या विषयांच्या यादीत जाऊन बसला. फार थोड्या शैक्षणिक प्रयोगांच्या नशिबी हे येते.

मात्र यादीत बसण्याची किंमत असते आणि ती या विषयालाही मोजावी लागली. कौशल्य आराखड्याची भाषा रोजगाराची आहे. अमुक पातळीचे प्रमाणपत्र, तमुक व्यवसायासाठी पात्रता, असा तिचा कल. पाबळची भाषा शिक्षणाची होती. वेल्डर तयार करणे हा तिचा हेतू कधीच नव्हता. वेल्डिंग करताना विचार कसा करायचा, ते शिकलेला माणूस तिला हवा होता, मग तो पुढे डॉक्टर होवो, शेतकरी होवो की शिक्षिका. व्यवसाय शिक्षण म्हटले की शाळा आपोआप ‘कच्च्या’ मुलांकडे बोट दाखवते आणि हुशार मुले त्याऐवजी भाषेचा पेपर घेऊन मोकळी होतात. निवड ऐच्छिक ठेवली की ही फाळणी होतेच. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला व्यवसायाच्या खणात टाकायचे नाही आणि हाताच्या कामापासून कुणालाच सुटका द्यायची नाही, ही मूळ भूमिका जिथे सुटली, तिथे नाव राहिले आणि जीव गेला. सेवेचे काम तर बऱ्याच ठिकाणी पहिल्यांदा गळाले. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला त्याचे गुण देता येत नाहीत, हे त्याचे कारण.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची शिफारस आली आहे. स्थानिक कारागिरांबरोबर या मुलांनी काम करावे, असे त्यात म्हटले आहे. 2025 पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी, असे उद्दिष्टही त्या धोरणात होते. दिशा बरोबर आहे. पण वर्षातले दहा दिवस आणि आठवड्यातला एक दिवस यांत फरक आहे. दहा दिवसांत मूल कुंभाराचे चाक फिरताना पाहील, फार तर एक पणती वळेल आणि फोटो काढून घरी जाईल. वाफ्यात पेरलेली मेथी उगवायला, मरायला, पुन्हा पेरायला आणि विकायला जो वेळ लागतो, तो त्या दहा दिवसांत कुठून आणणार? पाबळचा चाळीस वर्षांचा अनुभव धोरण राबवणाऱ्यांनी इथे येऊन समजून घ्यावा, असे कळकळीने वाटते.

आश्रमाचा अभ्यासक्रम स्वतःही थांबलेला नाही. ठिबक, पॉलिहाऊस, सौरऊर्जा, सेन्सर, थ्रीडी प्रिंटर यांनी जुन्या विभागांत जागा घेतली आहे. फॅब लॅबच्या जाळ्यातल्या फॅब अकादमीचे केंद्र म्हणून बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण चालू आहे. निवासी पदविकेला महाराष्ट्राबाहेरूनही मुले येतात. एकीकडे आठवी पास झालेला आदिवासी पाड्यातला मुलगा आणि दुसरीकडे संशोधनासाठी आलेली अभियांत्रिकीची पदवीधर मुलगी, दोघेही एकाच कार्यशाळेत एकाच ग्राइंडरवर हात चालवतात आणि कोण कुणाला शिकवतो ते कामावर ठरते.

शाळांच्या पातळीवर सध्या सर्वांत नड भासते ती निदेशकांची. शाळेचे मानधन थोडे आणि वेळेवर न मिळणारे असले, की चांगला कारागीर शाळा सोडतो. मग त्याच्या जागी प्रमाणपत्र असलेला पण हाताला सवय नसलेला माणूस येतो, यंत्रे कपाटात जातात आणि मुलांना वेल्डिंगच्या आकृत्या काढायला मिळतात. निदेशक आपल्याच गावचा, धंदा करणारा आणि शिकवण्याची हौस असलेला हवा, हे कलबागांनी पहिल्या वर्षांतच सांगून ठेवले होते. अशी माणसे आश्रमाच्या माजी विद्यार्थ्यांमध्ये आहेत. त्यांना त्यांच्या त्यांच्या तालुक्यातल्या शाळांशी जोडून देणे आणि त्यांचे मानधन शाळेच्या अंदाजपत्रकात मार्चआधी मंजूर करून घेणे, हे संस्थेपुढचे ताबडतोबीचे काम आहे.